पर्थीज : गुडघा दुखतो म्हणणारं पोर आणि अभ्यासाच्या कागदावरचा अंगठा

प्रश्न : मी चिमूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातला सात वर्षांचा एक मुलगा तान्ह्या पोळ्यापासून लंगडतो. आईवडील शेतमजूर आहेत. आधी गुडघ्याचे इलाज झाले, मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात खुब्याचा फोटो (एक्स-रे) काढला आणि एका खुब्यात ‘पर्थीज’ सांगितलं. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. त्यात आता ‘बरेच दवाखाने मिळून या आजाराचा अभ्यास करत आहेत, तुमच्या मुलाची नोंद घेऊ का?’ असं विचारून एक कागद हातात दिला आहे. वडील मला म्हणाले, “मॅडम, माह्या पोरावर प्रयोग करून रायले का हे?” त्यांनी अंगठा द्यावा का? शाळेत मी काय सांभाळू? आणि २६ जानेवारीच्या कवायतीत त्याला घेऊ का?

उत्तर : मॅडम, आधी त्याच्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारला म्हणून त्याला कुणी रागावू नये. तुम्ही कागदाचं जे वर्णन केलंय त्यावरून हा निरीक्षणाचा अभ्यास दिसतो. म्हणजे पोराचा इलाज जसा व्हायचा तसाच होणार, फक्त त्याचे फोटो, तपासण्या, पायाची हालचाल हे सगळं एका ठरलेल्या पद्धतीनं, ठरलेल्या दिवशी लिहून ठेवणार. मी लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर; माझं मत विचाराल तर द्यावा अंगठा. पण काही गोष्टी विचारून घेऊन मगच, आणि त्या गोष्टी खाली सांगतो. त्याआधी आजार समजून घ्या, नाहीतर इतके दवाखाने एका पोराच्या खुब्यामागे का लागलेत हे कोडं सुटणार नाही.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा. तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. पर्थीजमध्ये या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ बंद पडतो आणि आतलं हाड मरतं. मेलेलं हाड शरीर हळूहळू उचलून नेतं आणि त्या जागी नवं भरतं. सगळ्याला दोन ते चार वर्षं लागतात. रक्त पुन्हा येतं, हाड पुन्हा तयार होतं, इथपर्यंत सगळं आपोआप होतं. घोळ मधल्या काळात होतो. जुनं हाड गेलेलं आहे, नवं अजून कच्चं आहे, अशा वेळी गोळा मऊ असतो आणि पोर त्यावर उड्या मारत असतं. पोळ्याला मातीचे बैल करतात ना तुमच्याकडे? ओल्या बैलाच्या पाठीवर बोट दाबलं तर वाळल्यावर तो खड्डा तसाच राहतो. गोळ्याचं तेच होतं. चपटा झालेला गोळा चपटाच पक्का झाला, तर पुढे तिशी-चाळिशीत, कधी त्याच्याही नंतर, सांधा झिजतो.

म्हणून सगळ्या इलाजाचं सूत्र एकच : गोळा मऊ आहे तोवर तो वाटीच्या आत नीट बसलेला ठेवायचा, वाटीच त्याचा साचा होते. कुणी हे दोन्ही पायांत दांडा घालून केलेल्या प्लास्टरनं साधतं, कुणी पट्ट्यानं, कुणी मांडीचं हाड कापून कोन बदलून, कुणी वरच्या वाटीचं छप्पर वाढवून.

कारण? रक्तपुरवठा नेमका कशानं बंद पडतो हे आजवर कुणालाही पक्कं सांगता आलेलं नाही. चार ते आठ वयात जास्त दिसतो, मुलींपेक्षा मुलांत चार-पाच पट. दहातल्या एखाद-दोन पोरांत दोन्ही खुबे धरतो. घरी मात्र एवढं आवर्जून सांगा की तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढल्यानं हे झालेलं नाही. लंगडणं त्या दिवशी लोकांच्या नजरेत आलं, इतकंच. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई एक तारीख घेऊन येते : झाडावरून पडला त्या दिवशी, सायकलवरून घसरला त्या दिवशी. आणि त्या तारखेपाशी कुणीतरी दोषी उभा असतो, बहुतेक वेळा ती स्वतःच. फोटोत जेव्हा हाड पांढरट आणि बसकं दिसतं, तेव्हा रक्त बंद पडून काही महिने उलटलेले असतात.

गुडघा दुखते, पण गुडघ्यात काही नाही

तुमच्या विद्यार्थ्याचे आधी गुडघ्याचे इलाज झाले हे वाचून मला नवल वाटलं नाही. खुबा आणि गुडघा यांना संवेदना नेणाऱ्या काही नसा एकच आहेत. खुबा बिघडला की पोर गुडघ्यावर हात ठेवतं. माझ्याकडे एक पोर आलं होतं. दहा महिन्यांत तीन ठिकाणी गुडघ्याचे चार फोटो काढलेले, चारही स्वच्छ. एका जाणत्या माणसाकडून तेल लावून गुडघा चोळून घेतलेला, त्यानं कातडी काळी पडलेली. खुब्याचा फोटो एकदाही नाही. या दहा महिन्यांत मीही एकदा त्या पोराला शिबिरात पाहिलं होतं, दोनशेच्या गर्दीत, उभ्या-उभ्या, चड्डीही न काढता. गुडघा हलवून बघितला आणि कॅल्शियम लिहून दिलं. ते कार्ड त्याच्या बापानं जपून ठेवलं होतं, ते त्यानं माझ्यासमोर ठेवलं. बोलला काहीच नाही.

तेव्हापासून गुडघा दुखणारं प्रत्येक पोर मी टेबलावर उताणं झोपवतो आणि सरळ पाय लाटण्यासारखा आत-बाहेर लोळवतो. निरोगी पाय सैल लोळतो. खुबा दुखरा असेल तर पाय आत वळताना अडतो आणि पोर माझ्या तोंडाकडे बघायला लागतं. मग दोन्ही पाय बाजूला फाकवून बघतो. पर्थीजचा पाय दुसऱ्याइतका उघडत नाही.

तुम्हाला टेबल नको. पोराला दुखऱ्या पायावर उभं करा, दुसरा पाय उचलायला सांगा आणि मागून चड्डीचा नाडा बघा. निरोगी माणसाचा नाडा आडवा राहतो किंवा उचललेल्या बाजूला थोडा वर जातो. खुबा कमजोर असेल तर उचललेल्या पायाकडे नाडा खाली झुकतो आणि पोर अंग उलटीकडे टाकतं. मुली लंगडी खेळताना एका बाजूनं दहा उड्या मारतात आणि दुसऱ्या पायावर तीनमध्येच पाय टेकवतात, हेही ओट्यावर बसून दिसतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. लंगडण्याबरोबर सडकून ताप असेल, पोर पाय टेकूच देत नसेल, तर ते पर्थीज नाही. सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथे सकाळची एसटी बघत बसू नये, त्याच रात्री निघावं.

आपल्या भागात पर्थीजसारखे दिसणारे दोन

हा भाग मी जरा लांबवतो, कारण पुण्या-मुंबईची माहिती वाचून आपल्याकडचं चित्र पुरं होत नाही.

पहिला क्षयरोग. या आजाराचा इतिहासच त्याच्यापासून सुरू होतो. क्ष-किरण १८९५ साली सापडले. त्याआधी लंगडणाऱ्या, खुबा धरलेल्या पोराला क्षयच समजत. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉमनं १९०९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पण तोही त्याला क्षयाचाच प्रकार समजला. १९१० मध्ये बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थीज या तिघांनी आपापल्या ठिकाणी बसून हा वेगळाच आजार आहे असं लिहिलं. म्हणून पूर्ण नाव लेग-काल्व्हे-पर्थीज. तीन देश, तिघांकडे मोजकीच पोरं, आणि एकाच वर्षी तिघांना तेच दिसलं.

आपल्याकडे तो गोंधळ अजून संपलेला नाही. खुब्याच्या क्षयाचे फोटोतले प्रकार मद्रासच्या शण्मुगसुंदरम यांनी मांडले, त्यात एका प्रकाराचं नावच ‘पर्थीज प्रकार’ आहे, इतकं साम्य. क्षयात सहसा वजन उतरतं, संध्याकाळी कणकण असते, रात्री झोपेत सांधा हलला की पोर किंचाळून उठतं, आणि फोटोत गोळा व वाटी यांतली फट अरुंद होत जाते. पर्थीजचं पोर एरवी टुणटुणीत असतं. सुरुवातीला फट उलट थोडी रुंद दिसते. तरी एका पोराला नऊ महिने क्षयाची औषधं घातलेली मी पाहिली आहेत. ज्यांनी सुरू केली त्यांना मी पूर्ण दोष देत नाही. ज्या डॉक्टरनं आयुष्यात क्षयाचे दोनशे रुग्ण पाहिले आणि पर्थीजचा एकही नाही, त्याचा हात क्षयाच्या गोळ्यांकडेच जाणार.

दुसरा सिकलसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच प्रसिद्ध केली होती. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि खुब्याचा गोळा तसाच मरतो. फोटो पर्थीजशी इतका जुळतो की मीही फसलो असतो. पण इलाज वेगळा, भूल देतानाची काळजी वेगळी, पाणी-ऑक्सिजन कमी पडला तर टेबलावरच संकट. म्हणून आपल्या भागात पर्थीज म्हणण्याआधी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे, असा माझा हट्ट आहे. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक केंद्रात होते, पण ती वाहक आणि रुग्ण वेगळे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी लागते. तुमच्या विद्यार्थ्याच्या कागदांत हा रिपोर्ट आहे का, एवढं बघा. नसेल तर पुढच्या खेपेला तोच आधी मागा.

दोन्ही खुबे अगदी सारखे, एकाच वेळी बिघडलेले दिसले तर थायरॉइड आणि हाडांचे जन्मजात दोषही बघावे लागतात. तुमच्याकडे एकच बाजू आहे, म्हणून ते सोडून देतो.

एका डॉक्टरला पुरत नाही इतका दुर्मीळ

आता अभ्यासाकडे येऊ. जगभरात मोजलेले आकडे बघितले तर पंधरा वर्षांखालच्या १ लाख मुलांत वर्षाला एकाहून कमी ते १९ पर्यंत नवे रुग्ण, एवढी तफावत आहे. उत्तर युरोपात जास्त, विषुववृत्ताकडे कमी. आपल्या देशातला सर्वांत नीट केलेला हिशोब कर्नाटकच्या किनाऱ्यावरचा, मणिपालच्या डॉक्टरांनी उडुपीच्या भागात केलेला. तिथे दर लाखामागे चारच्या आसपास निघाला, आणि रुग्ण मुख्यतः खेड्यातले, गरीब घरचे. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलसारख्या शहरांच्या गरीब वस्त्यांत हा आजार जास्त. दोन्हीकडे गरिबी आहे, बाकी हवा, अन्न, घर काहीच सारखं नाही. कारण शोधणाऱ्याला अशा ठिकाणीच धागा मिळतो.

विदर्भाचा असा हिशोब माझ्या पाहण्यात नाही, म्हणून उडुपीचाच दर नुसता गणितासाठी धरू. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली सपाटीच्या भागात ३० हजार लोक, त्यात पंधराखालची पोरं साधारण आठ हजार. म्हणजे तिथल्या डॉक्टरला तीन वर्षांत एक रुग्ण. तो तरी खुब्याचा म्हणून येईल का? येईल गुडघ्याचा म्हणून. तीन वर्षांत डॉक्टरची बदली होते. पुढच्यासाठी तो पुन्हा ‘पहिला’ रुग्ण. लहान मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याकडेही इतके येत नाहीत की मी छातीठोकपणे म्हणावं, अमक्याला ऑपरेशन केलं म्हणून बरा झाला. तो ऑपरेशनविनाही झाला असता का, हे मला एका पोरावरून कळूच शकत नाही.

त्यासाठी पोरं एकत्र मोजावी लागतात. नॉर्वेनं १९९६ ते २००० या काळात ते केलं. २८ रुग्णालयांनी देशभरातल्या ४२५ मुलांची नोंद एकाच पद्धतीनं केली आणि पाच वर्षं पाठपुरावा केला. त्या वेळी अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्या आपल्या एका नागपूर जिल्ह्याच्या २०११ च्या लोकसंख्येपेक्षा कमी होती! निष्कर्ष असा निघाला की सहा वर्षांवरची मुलं आणि गोळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग मेलेला, अशांना मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननं फायदा झाला. सहाच्या आत मात्र कशानंच फरक पडला नाही, आणि पट्टा हा व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. आमच्याकडे तेव्हा सर्रास पट्टे बांधत.

अमेरिकेत हेरिंग आणि सहकाऱ्यांनी ३९ शल्यचिकित्सकांना एकत्र बांधून ४३८ मुलं घेतली. २००४ मध्ये निकाल आला : गोळ्याचा बाहेरचा खांब, म्हणजे बाहेरच्या बाजूचा भाग, मध्यम खचलेला आणि वय आठच्या पुढे, तर ऑपरेशनचा फायदा. खांब पार खचलेला असेल तर कशानंही फारसा नाही.

बघा, एक म्हणतो सहा, दुसरा म्हणतो आठ. तुमचा विद्यार्थी सात वर्षांचा. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात त्याचं मूळ इथे आहे. कुणी अडाणी नाही, कुणी पैशासाठी कापायला बसलेला असेलच असंही नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की बाहेरचा खांब किती खचला हे गोळ्याचे तुकडे पडायला लागल्यावरच ठरवता येतं. सुरुवातीच्या फोटोवरून नाही. थांबलं तर नीट कळतं, पण थांबण्यात वाटीत बसवायची वेळ निघून जाऊ शकते. मणिपालच्या बेंजामिन जोसेफ यांनी ६१० मुलांच्या फोटोंवरून आजाराचे टप्पे अधिक बारीक पाडले. सरकत जाणारा गोळा नेमका कोणत्या टप्प्यात चपटा होतो आणि इलाज त्याच्या आधी का व्हावा, हे त्यातून हाताशी आलं. आपल्याकडच्या मुलांत आजार पाश्चात्त्यांपेक्षा थोड्या मोठ्या वयात सुरू होतो, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. म्हणजे बाहेरचा सहा-आठचा नियम इथे जसाच्या तसा लावायचा का, हा प्रश्न आपल्याच मुलांना मोजून सोडवावा लागणार. अमेरिकेतल्या डॅलसच्या हॅरी किम यांच्या पुढाकारानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय पर्थीज अभ्यासगटात भारतातले डॉक्टरही आहेत ते यासाठीच.

खेड्यात असलं काम होत नाही, असं कुणी म्हणालं तर मी गडचिरोलीकडे बोट दाखवतो. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांच्या हातून नवजात बाळांचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि त्यानंतर देशाच्या आशाताई घरी जाऊन बाळं तपासू लागल्या. वजनकाटा, थर्मामीटर आणि वही, एवढ्यावर ते झालं.

अंगठ्याआधी

पहिलं विचारा : माझ्या पोराचा इलाज या कागदामुळे बदलणार का? ‘नाही, फक्त नोंद’ असं उत्तर आलं तर गोष्ट सोपी. ‘चिठ्ठी टाकून ठरवणार, या गटाला हे, त्या गटाला ते’ असं असेल तर ती चाचणी झाली. तीही वाईट नसते, पण मग तिची सीटीआरआयमध्ये, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशाच्या नोंदवहीत, नोंदणी असलीच पाहिजे. त्याचा क्रमांक कागदावर असतो, तो मागा. संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी दोन्ही प्रकारांत हवी आणि समितीच्या कुणाचा तरी फोन नंबर कागदावर हवा.

जास्तीचे फोटो, रंगद्रव्य टोचून एमआरआय, रक्ताच्या जादा तपासण्या यांतलं काय काय होणार, त्याचे पैसे कोण देणार आणि गाडीभाडं मिळणार का, हे उघड विचारा. लाजू नका. नागपूरला दोघांनी जाऊन यायचं म्हणजे भाडं आणि बुडालेली मजुरी धरून मोठा खड्डा पडतो.

कागद मराठीत हवा. बापाला वाचता येत नाही, तर तो मोठ्यानं वाचून दाखवला पाहिजे आणि अंगठा देताना दवाखान्याचा नसलेला साक्षीदार हजर हवा. तो तुम्ही होऊ शकता. आणि पोरगा सात वर्षांचा आहे म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याचीही तोंडी तयारी विचारायला हवी. हे फार जण विसरतात. मी एकदा एका आठ वर्षांच्या पोराला विचारलं तर त्यानं उलट विचारलं, “सुई किती टोचता?” दोन, म्हटलं. “मंग लिवा.” त्याच्या बापापेक्षा त्याचा प्रश्न नेमका होता.

नाही म्हटलं किंवा मध्येच बाहेर पडलं तरी इलाज तोच राहील, हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं. सांगितलं नाही तर तेवढ्यावरून मी सावध होईन.

आणि बाप विचारेल, “याच्यात माह्या पोराले काय भेटते?” खरं सांगायचं तर औषधाचा फायदा कदाचित काहीच नाही. पण ठरलेल्या तारखेला बोलावणं येतं, कुणीतरी नाव घेऊन फोन करतं, फोटो एका जागी राहतात. आमच्या भागात एवढ्यानंही पोराचं भलं होताना मी पाहिलंय, कारण एरवी वेदना थांबल्या की लोक यायचे थांबतात, आणि गोळा तर तेव्हाच चपटा होत असतो.

तारखा ठरवताना मात्र घरच्यांनी आपलं वर्षाचं वेळापत्रक डॉक्टरपुढे मांडावं. एका अभ्यासात आमची निम्मी पोरं फेब्रुवारीच्या तपासणीला आलीच नाहीत. आम्ही ‘पालक उदासीन’ असं लिहून मोकळे होणार होतो. आमच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, साहेब, ते सगळे मिरची तोडायला तेलंगणात गेलेत, पोरं घेऊन. आम्ही ती तपासणी डिसेंबरात ओढली. धानाच्या रोवणीच्या आठवड्यात तर कुणाला बोलावूच नये. अमेरिकेच्या त्या अभ्यासातही ४५१ खुब्यांपैकी ३४५ शेवटपर्यंत टिकले, तेव्हा निसटणं सगळीकडेच आहे. इथे ते मिरचीच्या हंगामानं होतं.

फोटो सांभाळा

पर्थीजचा निर्णय एका फोटोवर होत नाही, फोटोंच्या ओळीवर होतो. दर तीन-चार महिन्यांनी दोन फोटो : एक सरळ उताणं, एक बेडकासारखे पाय फाकवून. आजचे फिल्मचे फोटो उष्णतेनं काळे पडतात. टिनाच्या छपराखाली, टिनाच्याच पेटीत ठेवलेला फोटो आपल्याकडच्या उन्हाळ्यानंतर कोळशासारखा होऊन परत आलेला मी पाहिलाय, त्यावर गोळा कुठे आणि वाटी कुठे काही दिसेना. म्हणून फोटो मिळाला त्याच दिवशी तो खिडकीच्या काचेला लावा, मोबाइलवर टिपा, पोराचं नाव-तारीख वाचता येईल असा. तुमच्या फोनमध्येही एक प्रत ठेवा, त्यांचा फोन बदलतो. मूळ फोटो धान्याच्या कोठीमागे, थंड भिंतीला लागून, सपाट ठेवावा. गुंडाळू नये.

खर्चाबाबत महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका सोबत न्यावी.

शाळेत

उडी, लंगडी, कबड्डी, गेडी, झाडावर चढणं बंद. कॅरम, सापशिडी चालू. डॉक्टरनं हो म्हटलं तर सायकल उत्तम, कारण तिच्यात खुबा फिरतो पण अंगाचा भार पडत नाही. पोहणंही चांगलं, पण बोडीत, म्हणजे तळ्यात, एकटं सोडू नका. खिचडीच्या पंगतीत त्याला खाली बसवू नका, पण एकट्याला खुर्ची दिली तर तो अपंग ठरतो. एका बाईंनी बाकावर दोघांना बसवायला सुरुवात केली, रोज नवा जोडीदार. पोरांत नंबर लागायचा. संडासला उकिडवं बसणं जमत नसेल तर मध्यभागी भोक पाडलेला स्टूल सुतार दोनशे-तीनशेत करून देतो.

‘लंगड्या’ म्हणणाऱ्यांना शिक्षा करण्याआधी वर्गाला आजार समजावून सांगा, मातीचा ओला बैल हातात घेऊन. ऐकतात पोरं. त्याला प्लास्टर बसलं तर घरी अभ्यास पाठवा, कारण सहा आठवडे दांड्याच्या प्लास्टरमध्ये पडून राहिलेल्या पोराला हाडापेक्षा कंटाळा जास्त छळतो.

आणखी एक काम तुमच्या हातात आहे. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. २०१३ पासून चालू असलेल्या त्या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात निखळलेला खुबा आहे, वाकडा पाय आहे, पर्थीज नाही. त्यामुळे शाळेत दुसरं कुणी असं लंगडत असेल तर पथक आलं की तुम्हीच ते पोर पुढे करा आणि म्हणा, हा तीन आठवड्यांपासून लंगडतो, गुडघा म्हणतो, खुबा बघा. आशाताईंच्या बैठकीत मी हल्ली व्याख्यान देत नाही. एक पोर टेबलावर झोपवतो, प्रत्येकीला पाय लोळवायला लावतो आणि एकच वाक्य पाठ करून घेतो : तीन आठवडे लंगडलं की खुब्याचा फोटो. मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकीनं पाठवलेलं पोर माझ्याकडे आलं तेव्हा त्याचा गोळा अजून गोलच होता.

२६ जानेवारीला कवायत नको, तिच्यात पाय आपटतात. झेंड्याची दोरी त्याच्या हातात द्या. तिथे एका जागी उभं राहायचं असतं, आणि जवळ स्टूल ठेवा.